वाचकांचे प्रश्न : शेजारच्या खोलीत मेंदूज्वर

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मेंदूज्वराविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेक मुंबईच्या चाळींतून, वसाहतींतून व उपनगरांतून आलेली आहेत. सर्व पत्रे स्वतंत्रपणे छापणे शक्य नसल्यामुळे सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही लालबागला चाळीत राहतो. आमच्या मजल्यावरील एका नऊ वर्षांच्या मुलाला ताप आणि आकडी आल्यामुळे रुग्णालयात दाखल केले आणि तिथे मेंदूज्वराचे निदान झाले. आमची गॅलरी एक, नळ एक, मुलेही दिवसभर एकत्र खेळतात. काही जणांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद केले आहे. एका शेजाऱ्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणून साऱ्या मजल्याला वाटल्या. आम्ही त्या घ्याव्यात का?

उत्तर : गोळ्या घेण्यापूर्वी एक प्रश्न त्या मुलाच्या डॉक्टरांना विचारायला हवा, तो म्हणजे हा मेंदूज्वर कोणत्या जंतूमुळे झाला आहे. बोलीभाषेत आपण ज्याला मेंदूज्वर म्हणतो त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्या आवरणांना सूज आली तर तो मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह. सूज प्रत्यक्ष मेंदूत असेल तर तो एन्सेफलायटिस. विदर्भात आढळणारा जपानी मेंदूज्वर किंवा नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला, 1965 साली प्रथम सापडलेला विषाणू हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. जपानी मेंदूज्वर डासांमुळे पसरतो, चांदीपुरा वाळूमाशीमुळे, आणि या दोन्हींत शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला लागण होत नाही.

आवरणांचा दाहही अनेक जंतूंमुळे होतो. न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस हे त्यांतील मुख्य जीवाणू. क्षयाचे जंतू वेगळे, आणि विषाणूंमुळे होणारा सौम्य दाह आणखी वेगळा. यांपैकी आजूबाजूच्या माणसांना तातडीने प्रतिबंधक औषध द्यावे लागते ते प्रामुख्याने मेनिंगोकोकसच्या बाबतीत, आणि घरात लस न घेतलेले लहान मूल असल्यास हिबच्या बाबतीत. रुग्ण न्यूमोकोकसचा, क्षयाच्या दाहाचा किंवा विषाणूचा असेल तर मजल्यावर वाटलेल्या त्या गोळ्यांचा काहीही उपयोग नाही.

मेनिंगोकोकस असल्याचे सिद्ध झाले किंवा तसा दाट संशय असला, तर औषध कोणाला द्यायचे याचे नियम ठरलेले आहेत. आजार सुरू होण्याआधीच्या आठवड्यात त्याच खोलीत झोपणारे, त्याच ताटात जेवणारे, आईवडील, भावंडे आणि रुग्णाच्या तोंडातील स्रावाशी थेट संबंध आलेले, म्हणजे तोंडाने श्वास देणारे किंवा नळी घालणारे वैद्यकीय कर्मचारी, यांना पहिल्या 24 तासांत औषध मिळावे असा प्रयत्न असतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झोपत असतील तर ती सातही जण या व्याख्येत येतात. गॅलरीत ये-जा करणारे, नळावर रांगेत उभे राहणारे किंवा शाळेत एकाच वर्गात बसणारे सर्व जण साधारणपणे येत नाहीत. मात्र जे मूल रोज त्या घरात जेवायला आणि झोपायला असते त्याचा विचार घरच्या मुलाप्रमाणेच करावा.

औषध म्हणून रिफाम्पिसिन दोन दिवस, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा एकच डोस किंवा सेफ्ट्रायॅक्सोनचे एक इंजेक्शन यांपैकी काय द्यायचे ते वय, वजन आणि गरोदरपण पाहून ठरते. रिफाम्पिसिनमुळे लघवी व अश्रू नारिंगी होतात आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ही गोष्ट घरातील स्त्रियांना कोणीतरी सांगायला हवी. शिवाय हेच औषध क्षयाच्या उपचाराचा कणा आहे. मुंबईसारख्या शहरात, जिथे औषधांना न जुमानणारा क्षय आधीच मोठी अडचण होऊन बसला आहे, तिथे रिफाम्पिसिन चिठ्ठीशिवाय मजलाभर वाटणे मला अत्यंत चुकीचे वाटते. तुमच्या शेजाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण त्या गोळ्या परत करा आणि महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. रुग्णालयाकडून विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवले गेले असेल तर तिथल्या आरोग्य सेविका स्वतः घरी येतात. त्यांना घरातील माणसांची खरी संख्या सांगा. भाडेकरू, गावाहून आलेला पुतण्या, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा मामा यांना वगळू नका.

मुलांना शाळेत पाठवायला हरकत नाही. खोली धुरवणे, जमिनीवर फिनाइल ओतणे, नळ बदलणे यांची गरज नाही, कारण मेनिंगोकोकस शरीराबाहेर फार काळ जगत नाही. निरोगी माणसांपैकी दहापर्यंत टक्के लोकांच्या घशात तो कोणताही त्रास न देता वास्तव्य करून असतो आणि दीर्घ, जवळच्या सहवासातून दुसऱ्याकडे जातो. लोकलमध्ये दादर ते ठाणे खेटून उभे राहणे हा तसा सहवास धरला जात नाही. रुग्णाला योग्य प्रतिजैविक सुरू होऊन 24 तास उलटले की त्याच्यापासूनही हा संसर्ग पसरत नाही. तो मुलगा बरा होऊन घरी येईल तेव्हा त्याला वाळीत टाकल्यासारखे वागवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमचे बाळ सात महिन्यांचे आहे. ताप तर मुलांना सारखाच येतो. मग रात्री दोन वाजता धावत सुटायचे कधी आणि सकाळपर्यंत थांबायचे कधी?

उत्तर : जीवाणूंमुळे होणाऱ्या दाहात तासांचा हिशेब असतो. उपचार करूनही जगभरात साधारण सहा रुग्णांपैकी एक दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते, म्हणून येथे सकाळची वाट पाहणे महागात पडते. मोठ्या मुलाला तापाबरोबर तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि उजेडाचा त्रास होत असेल तर त्याला हनुवटी छातीला लावायला सांगून पाहावे. मान ताठल्यामुळे ती लागत नसेल तर लगेच निघावे.

सात महिन्यांच्या बाळाची मान मात्र बहुधा ताठत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊक नसते. बाळ अंगावर पीत नाही, कुशीत घेतल्यावर शांत होण्याऐवजी अधिकच कळवळते, एरवीपेक्षा वेगळ्या, चिरक्या आवाजात रडते, अंग सैल सोडते, हाक मारली तरी झापडीतून जागे होत नाही, ही लक्षणे पाहायची. बाळ रडत नसताना त्याला उभे धरून टाळूवर तळहात अलगद ठेवावा. टाळू फुगून वर आलेली लागली तर ती दाह असल्याची गंभीर खूण समजावी. फार लहान अर्भकांत ताप येण्याऐवजी अंग थंडही पडते.

अंगावर जांभळट-लाल ठिपके दिसले तर काचेच्या स्वच्छ ग्लासाची बाजू त्यावर दाबून पाहावी. साधे पुरळ दाबल्यावर फिके पडते, पण रक्त त्वचेखाली उतरल्यामुळे आलेले ठिपके काचेतूनही तसेच दिसत राहतात. आपल्या सावळ्या वर्णावर ते चटकन नजरेत भरत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीची आतली बाजू उजेडात तपासावी. ठिपके नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण ते सर्व रुग्णांत येत नाहीत. यांपैकी काहीही आढळले तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि ती यायला उशीर होत असेल तर टॅक्सी करून मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

प्रश्न : माझ्या पुतणीच्या पाठीतले पाणी काढायचे आहे असे डॉक्टर म्हणतात. माझ्या सासूबाईंनी सहीच करू दिली नाही. त्यांच्या माहेरी गावात एकाचे पाणी काढल्यावर पाय गेले होते. त्यांची भीती खरी आहे का?

उत्तर : त्यांची भीती मी अनेकदा ऐकली आहे आणि ती ज्या अनुभवातून येते तोही मी समजू शकतो. पूर्वी रुग्ण फार उशिरा रुग्णालयात पोहोचत असत. पाणी काढले जाई, निदान होई, आणि नंतर पाय गेले किंवा माणूस गेला तर त्याचा दोष आजाराऐवजी सुईच्या माथी येई.

शरीररचनाच पाहा. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीला संपतो. सुई त्याहून दोन मणके खाली, जिथे फक्त पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात, तिथे घातली जाते. मुलाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी आणून ठेवतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीचे हे पाणी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 150 मिलीलिटर असते, दिवसभरात सुमारे 500 मिलीलिटर नव्याने तयार होते, आणि तपासणीसाठी काढले जाते ते चमचाभर, म्हणजे काही मिलीलिटर. त्यानंतर एक-दोन दिवस डोके दुखू शकते, हा त्याचा नेहमीचा त्रास.

ते थेंब बाटलीत पडताना पाहिले की पुष्कळ गोष्टी तेव्हाच समजतात. निरोगी माणसाचे पाणी नळाच्या पाण्याइतके नितळ असते. जीवाणूंच्या दाहात ते गढूळ, ताकाच्या निवळीसारखे येते. क्षयाच्या दाहात ते बहुधा नितळच दिसते, पण बाटली काही तास न हलवता ठेवली तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक गुठळी धरते. शिकाऊ डॉक्टर असताना आमचे ज्येष्ठ आम्हाला ती बाटली खिडकीशी धरून दाखवत असत. पुढची साखर, प्रथिने, पेशी आणि जंतू यांची तपासणी या पाण्यातूनच होते, आणि कोणते औषध किती दिवस द्यायचे ते तिच्यावर ठरते.

डोक्यातील दाब फार वाढल्याची चिन्हे असतील तर डॉक्टर आधी स्कॅन करतात आणि पाणी काढणे पुढे ढकलतात. अशा वेळी प्रतिजैविक मात्र ताबडतोब सुरू झाले पाहिजे. सासूबाईंना प्रत्यक्ष वॉर्डात नेऊन डॉक्टरांकडून पाच मिनिटे ऐकू द्या. घरी वाद घालण्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो.

प्रश्न : महापालिकेच्या केंद्रात मिळणाऱ्या लशी पुरेशा आहेत, की खाजगी दवाखान्यातील महागड्या लशी घ्याव्यातच?

उत्तर : तुमच्या मुलाचे माता-बालक संरक्षण कार्ड काढून समोर ठेवा. जन्मतः दिलेली बीसीजी क्षयाच्या दाहापासून लहान मुलांना संरक्षण देते. दंडावर दिसणारा तो छोटा व्रण तिचाच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिलेल्या पेंटाव्हॅलंट लशीत हिबविरुद्धचा भाग आहे. ही लस आपल्या देशात 2011 च्या अखेरीस केरळ आणि तामिळनाडूत सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत सर्वत्र आली. न्यूमोकोकसची पीसीव्ही सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळी देतात. राष्ट्रीय कार्यक्रमात तिचा प्रवेश 2017 साली काही राज्यांत झाला आणि 2021 मध्ये ती देशभर पोहोचली. या तीनही लशी महापालिकेत मोफत मिळतात आणि त्या वेळेवर झाल्या असतील तर लहान मुलांतील जीवाणूजन्य दाहाच्या प्रमुख कारणांपैकी बरीचशी अडवली गेली असे समजावे.

मेनिंगोकोकसची लस सार्वत्रिक कार्यक्रमात नाही. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, ज्यांच्या प्रतिकारशक्तीत जन्मजात दोष आहे किंवा जे विशिष्ट देशांत प्रवासाला निघाले आहेत, त्यांनी ती आवर्जून घ्यावी. इतरांनी परवडत असल्यास बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. पण त्या एका लशीसाठी पैसे साठवत बसून पीसीव्हीचा नऊ महिन्यांचा मोफत डोस चुकवणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. गणपतीत किंवा मे महिन्यात गावी गेल्यामुळे डोस राहिला असेल तर परत आल्यावर लगेच केंद्रात जा. सुरुवातीपासून सर्व डोस पुन्हा घ्यावे लागत नाहीत.

लशींचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकी पट्ट्यात मेनिंगोकोकसच्या ए प्रकाराच्या साथी दर काही वर्षांनी हजारो बळी घेत असत. 2010 पासून तिथे जी स्वस्त लस दिली गेली आणि जिच्यामुळे तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला, ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली होती. लशीने लोकसंख्येच्या पातळीवर काय घडते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सहजी मिळणार नाही.

प्रश्न : गोवंडीत राहणाऱ्या माझ्या भाच्याचे तीन आठवडे डोके दुखत होते. पित्त, चष्मा, अभ्यासाचा कंटाळा असे सगळे म्हणून झाले. आता क्षयाचा मेंदूज्वर आहे असे सांगतात. त्याला तर खोकला कधीच नव्हता. हे कसे शक्य आहे?

उत्तर : या पत्राला मी सर्वांत अधिक जागा देणार आहे, कारण मुंबईत राहणाऱ्या माणसाने ज्या मेंदूज्वराची सर्वाधिक धास्ती बाळगावी तो हाच आहे, आणि तो साथीसारखा गाजावाजा करत येत नसल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

क्षयाचे जंतू श्वासातून फुप्फुसात जातात, तिथून रक्तावाटे मेंदूच्या आवरणांपाशी पोहोचतात आणि काही काळ दबा धरून बसतात. मुलाच्या छातीत फारसे काही नसते, म्हणून खोकला नसतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अंगात कणकण, भूक न लागणे, वजन उतरणे, खेळातून अंग काढून घेणे, उगाच चिडणे, डोके दुखणे आणि अधूनमधून उलटी होणे एवढेच चालते. प्रत्येक लक्षणाला घरात एक सोपे कारण सापडते. त्यानंतर डोळा तिरळा होणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, झापड, आकडी आणि शेवटी बेशुद्धी येते. मेंदूच्या तळाशी घट्ट स्राव साचून पाण्याची वाट अडते, डोक्यात पाणी वाढते आणि कधी कधी ते पोटात उतरवण्यासाठी नळी बसवावी लागते. पहिल्या टप्प्यात उपचार सुरू झालेली बहुतेक मुले सावरतात, पण तिसऱ्या टप्प्यात आलेल्यांबाबत तशी खात्री कोणीच देऊ शकत नाही.

म्हणून मुलाला किंवा मोठ्या माणसालाही दोन आठवड्यांहून अधिक काळ डोकेदुखी आणि ताप असेल, त्यात उलटी किंवा स्वभावात बदल दिसत असेल, तर तिसऱ्यांदा पित्ताचे औषध घेण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, ‘हा क्षयाचा दाह तर नसेल ना?’ पाठीतल्या पाण्यावर जी जलद जनुकीय चाचणी होते तिच्यातून जंतू आणि रिफाम्पिसिनला असलेला प्रतिकार या दोन्ही गोष्टी समजतात. ती चाचणी नकारात्मक आली तरी आजार नाही असे ठरत नाही. संशय दाट असेल तर डॉक्टर उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच असते.

भाच्याचा उपचार वर्षभर चालेल, त्यात सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइडही असेल. औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. तीन-चार महिन्यांनी मूल हसू-खेळू लागले की घरचे औषध सोडतात. तसे अजिबात करू नका.

आता तुमच्या प्रश्नात जे विचारलेले नाही त्याविषयी. तुमच्या भाच्यापासून इतरांना लागण होण्याची शक्यता जवळपास नाही, पण त्याला लागण कोणापासून तरी झाली आहे. ते माणूस बहुधा त्याच घरातील, त्याच माळ्यावरील किंवा शिकवणीच्या वर्गातील एखादी मोठी व्यक्ती असेल. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकणारे आजोबा, तंबाखूचा खोकला म्हणून सोडून दिलेले काका, जरीकामाच्या बंद खोलीत दिवसभर बसणारा भाऊ, या सर्वांची थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे व्हायला हवा. पूर्वी प्रतिबंधक उपचार मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांपुरता मर्यादित होता. 2021 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्वांना, आजार नसल्याची खात्री करून, तो देता येतो. अनेक वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या एका मुलीवर आम्ही उपचार केले आणि ती बरी होऊन घरी गेली. आठ महिन्यांनी तिचा धाकटा भाऊ त्याच आजाराने त्याच वॉर्डात आला. घरातील खोकणाऱ्या आजीची तपासणी करावी असे त्या वेळी आमच्यापैकी कोणीही सुचवले नव्हते. ती चूक आमची होती, आणि म्हणूनच तुमच्या बहिणीच्या घरातील प्रत्येकाची तपासणी झाली का, हे तुम्ही स्वतः विचारावे असे मला वाटते.

प्रश्न : मी रोज जलनेती करतो. केरळात मेंदूज्वर करणाऱ्या अमिबाच्या, म्हणजे पाण्यातील एकपेशीय जीवाच्या, बातम्या वाचून घाबरलो आहे.

उत्तर : हा अमिबा नाकातून मेंदूकडे जातो. पाणी प्यायल्याने किंवा माणसाकडून माणसाला त्याची बाधा होत नाही. आजार अत्यंत दुर्मीळ, पण बहुतेक वेळा प्राणघातक आहे. नेतीसाठी नळाचे पाणी थेट वापरू नये. ते खळखळून उकळून, कोमट होऊ देऊन मगच वापरावे. पोहण्यासाठी क्लोरीन योग्य प्रमाणात घातलेला तलाव निवडावा आणि साचलेल्या, गरम होणाऱ्या डबक्यात मुलांना उड्या मारू देऊ नयेत.

प्रश्न : माझे सासरे हजला आणि मुलगा शिक्षणासाठी परदेशी निघाला आहे. दोघांनाही मेनिंजायटिसची लस सांगितली आहे. एकच लस दोघांना चालेल का?

उत्तर : हजसाठी ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांविरुद्धची लस अनिवार्य आहे आणि ती सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. 1987 मध्ये ए प्रकाराची आणि 2000-2001 मध्ये डब्ल्यू प्रकाराची साथ हज यात्रेकरूंत झाल्यानंतर हे नियम कडक झाले. प्रमाणपत्रावर लशीचा प्रकार लिहून घ्या, कारण कॉन्ज्युगेट लशीचे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते आणि जुन्या पॉलिसॅकराइड लशीचे तीनच वर्षे. मुलाच्या बाबतीत विद्यापीठाचे पत्र नीट वाचा, कारण काही ठिकाणी बी प्रकाराची वेगळी लसही मागतात आणि वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना या आजाराचा धोका अधिक असतो.

प्रश्न : आमची मुलगी मेंदूज्वरातून बरी होऊन दोन महिने झाले. ती आता पूर्वीप्रमाणे हाक ऐकत नाही, टीव्हीचा आवाज मोठा करते. हट्टीपणा असेल असे सगळे म्हणतात.

उत्तर : हा हट्टीपणा धरून चालू नका. जीवाणूंच्या दाहानंतर ऐकू न येणे हा नेहमी आढळणारा परिणाम आहे आणि रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर चार आठवड्यांच्या आत कानाची तपासणी व्हायला हवी होती. ती झालेली नसेल तर या आठवड्यातच कान-नाक-घसा विभागात जा. मूल लहान असले तरी मेंदूच्या लहरींवरून ऐकण्याची तपासणी करता येते. घाई करण्याचे कारण असे की या आजारानंतर कानाच्या आतील शंखाकृती भागात हाड धरू लागते आणि ते पूर्ण भरले की कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात घालायचे यंत्र, बसवणे अवघड होते. जाताना रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद आणि पाठीतल्या पाण्याचा अहवाल बरोबर न्या, आणि निकाल येईपर्यंत शाळेत बाईंना सांगून मुलीला पहिल्या बाकावर, बाईंचा चेहरा दिसेल अशा जागी बसवून घ्या.